दिराचं शेड, चहाची गाडी आणि नगरसेविकेचा फोन

पत्राचा सारांश: पत्र पाठवणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत नगरसेविका आहेत. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर पहिल्यांदाच निवडून आल्या. त्याआधी घर आणि शिलाईकाम एवढंच होतं. एसटी स्टँडजवळ त्यांच्या दिरांचं नाश्ता सेंटर आहे. दोन वर्षांपूर्वी दिरांनी दुकानासमोरच्या गटारावर फरशा टाकून पत्र्याचं शेड काढलं. भजी-वड्याची कढई आणि चार बाकडी त्या शेडखाली असतात. नगरपरिषदेच्या व्यवसाय परवान्याचं नूतनीकरणही राहून गेलं आहे. आता मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची नोटीस आली आहे: सात दिवसांत शेड काढा, परवाना दाखवा. त्याच आठवड्यात अतिक्रमण पथकानं त्याच रस्त्यावर चहा विकणाऱ्या एका विधवा बाईंची गाडी उचलून नेली. बाई दारात येऊन म्हणाल्या, "ताई, माझ्या गाडीला चाकं होती म्हणून लगेच गेली. तुमच्या दिराच्या शेडला चाकं नाहीत, तर त्याला सात दिवस." दीर म्हणतात, "वहिनी, साहेबांना एक फोन टाका." यजमान म्हणतात, फोन नको, अख्ख्या स्टँड रोडच्या अतिक्रमणांची यादी सभेत मांडू, म्हणजे कुणालाच हात लावायची हिंमत होणार नाही. प्रचारात दीर रात्रंदिवस पळाले होते, त्यामुळे सासूबाईंनी अबोला धरला आहे. नोटीस विरोधी गटानं काढायला लावली, अशी ताईंची खात्री आहे. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की कामं अडू नयेत म्हणून सह्या केलेले कोरे लेटरहेड यजमानांकडे ठेवलेले असतात. प्रश्न असा: फोन करावा की गप्प बसावं? घर सांभाळायचं की पद?

ताई,

फोन करू नका, हे आधीच सांगून टाकते. पण गप्प बसा असंही मी म्हणणार नाही. या दोन्हींच्या मध्ये करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक काम कंटाळवाणं आहे. तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांच्या हाती गेलेल्या आपल्या नगरपरिषदांमध्ये या कंटाळवाण्या कामाची सवय नगरसेवकांचीही गेली आणि कर्मचाऱ्यांचीही. त्यामुळे "एक फोन टाका" हा सगळ्यांना जवळचा रस्ता वाटतो.

पण त्याआधी लेटरहेड. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथंच थांबले. आज संध्याकाळच्या आत ते सगळे कागद यजमानांकडून मागून घ्या, मोजा आणि फाडून टाका. कारण सांगते. आपल्या नगरपरिषदा ज्या 1965 च्या अधिनियमाखाली चालतात, त्याचं कलम 44 नगरसेवकाच्या अपात्रतेचं आहे. नगरसेवकानं स्वतः, जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसानं बेकायदा बांधकाम केलं तर पद जातं, इतपत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. अशा बांधकामाला नगरसेवक म्हणून मदत केली, किंवा ते पाडायला निघालेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन अथवा प्रत्यक्ष आडवं येऊन अडवलं, अडवायचा प्रयत्न जरी केला, तरी तीच अपात्रता लागते. त्यावर निर्णय जिल्हाधिकारी देतात. आता विचार करा: उद्या दिरांच्या प्रेमापोटी यजमानांनी त्या कोऱ्या कागदावर "सदर कारवाई तूर्त थांबवावी ही विनंती" एवढी एक ओळ टाइप केली, तर सही कुणाची आहे? फोनची गोष्टही फार वेगळी नाही. फोन लेखी नसतो हे खरं, पण हल्ली तो रेकॉर्ड होतो, आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसलेली चार माणसं तो ऐकत असतात.

याच कलमावरून दुसरी एक गोष्ट तपासा. नाश्ता सेंटरचा गाळा कुणाच्या नावावर आहे? दीर वेगळे राहतात, वेगळं कमावतात, तेव्हा ते तुमच्यावर अवलंबून नाहीत, हे उघड आहे. पण मिळकत करापोटी नगरपरिषद जो असेसमेंट उतारा देते, त्यावर सासऱ्यांच्या पश्चात वारस म्हणून दोन्ही भावांची नावं लागलेली असतात, असं आपल्याकडे घरोघरी असतं. उताऱ्यावर यजमानांचं नाव निघालं, तर तक्रार करणारा "हे शेड नगरसेविकेच्या पतीच्या मिळकतीला लागून आहे" म्हणणार. त्यानं लगेच पद जाईल असं नाही. शेड कुणी बांधलं, पैसे कुणी घातले, हे प्रश्न येतीलच. पण उतारा तुम्ही तक्रारदाराच्या आधी वाचलेला बरा. आणि नाव असेल तर सभेच्या दारात भेटलेल्या वकिलाला न विचारता, नगरपरिषदेच्या कायद्यात काम करणाऱ्या वकिलाला रीतसर फी देऊन विचारा.

आता तुमच्या पत्रातली काही गृहीतं. तुम्ही लिहिलंय, नोटीस विरोधी गटानं काढायला लावली. असेलही. छोट्या गावात कुठलीही नोटीस नुसती स्वच्छता निरीक्षकाच्या मनात आली म्हणून निघत नाही, कुणीतरी अर्ज दिलेला असतो. पण नोटीस कुणी काढायला लावली हा राजकारणाचा प्रश्न झाला. शेड गटारावर आहे की नाही, हा टेप लावून मोजायचा प्रश्न आहे. हेतू वाईट असूनही नोटीस बरोबर असू शकते. तुमच्या बाबतीत ती बरोबर आहे, हे तुम्हीच लिहिलेल्या वर्णनावरून कळतं. "गटारावर फरशा टाकून" हे शब्द तुमचे आहेत. तेव्हा विरोधकांचा राग बाजूला ठेवून नोटीस एकदा शांतपणे वाचा. कुठल्या अधिनियमाच्या कुठल्या कलमाखाली आहे, जावक क्रमांक आणि तारीख काय, सात दिवस कधीपासून मोजायचे, म्हणणं मांडायची संधी दिली आहे का, स्थळपाहणीचा पंचनामा जोडलाय का. यात काही राहून गेलं असेल, तर दिरांनी दिरांच्या नावानं लेखी उत्तर द्यावं. तो त्यांचा हक्क आहे. ते उत्तर तुमच्या लेटरहेडवर जाता कामा नये, एवढंच.

दिरांना कुणीतरी सांगितलं असेल, की सुप्रीम कोर्टानं आता पंधरा दिवस दिलेत. नोव्हेंबर 2024 चा तो निकाल खरा आहे, पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी असं त्यात आहे. पण रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही, हेही त्याच निकालात आहे. गटार सार्वजनिक रस्त्याच्या कडेचं असेल, तर त्या निकालावर भिस्त ठेवू नका. नुसता खर्च वाढेल.

दुसरं गृहीत असं, की नोटिशीत जे आहे ते सगळं एकच "भानगड" आहे आणि ती एकदम मिटवायची आहे. तसं नाही. त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोटिशीत नसलेली एक तिसरी मला दिसते.

परवान्याची मुदत संपणं हा कागदाचा दोष आहे. अर्ज, फी, विलंब शुल्क, मागची थकबाकी भरली की तो दुरुस्त होतो. त्यात लाज वाटण्यासारखं फारसं नाही. गावातल्या निम्म्या दुकानांत भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला परवाना मुदत संपलेला असतो आणि त्यावर हार चढलेला असतो. फक्त एक लक्षात घ्या, लोक ज्याला सरसकट "लायसन" म्हणतात त्यात तीन वेगवेगळी खाती येतात. नगरपरिषदेचा व्यवसाय परवाना वेगळा. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, कामगार खात्याकडची. खाद्यपदार्थ विकायचे तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना लागतो, तो अन्न व औषध प्रशासनाकडून; त्याचा चौदा आकडी नंबर दुकानात दिसेल असा लावायचा असतो. यातला एक असला म्हणजे बाकीचे आलेच असं होत नाही. दिरांना "माझ्याकडे फूडचं आहे की" असं म्हणून नगरपरिषदेच्या नोटिशीला उत्तर देता येणार नाही.

शेडचं तसं नाही. ते गटारावर आहे, म्हणजे सफाई कामगाराला तिथं गाळ काढता येत नाही. पावसाळ्यात त्या गटाराचं पाणी कुठं जातं, हे शेडच्या मागच्या गल्लीत जाऊन विचारा. त्या गल्लीतले लोक तुमचेच मतदार आहेत ना? त्यांनी आजवर तक्रार केली नसेल, तर ते शेड तुमच्या दिरांचं आहे म्हणून, हेही असू शकतं. हा दोष फी भरून मिटत नाही. तो काढूनच मिटतो.

आणि तिसरं म्हणजे, कढई शेडखाली आहे असं तुम्ही लिहिलंय. गॅस कुठला आहे? घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर आहे की धंद्याचा 19 किलोचा? तो उन्हात, बाकड्यांच्या शेजारी, गटारावरच्या फरशीवर उभा असेल, तर नोटिशीची वाट न पाहता तो आजच आत घ्यायला लावा. यात फोन, सभा, कायदा काही लागत नाही. स्टँडवर कॉलेजची पोरं वडापाव खायला त्याच बाकड्यांवर बसतात.

यजमानांचा मार्ग फोनपेक्षा हुशारीचा आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल जरा लांबण लावते. अख्ख्या स्टँड रोडची यादी सभेपुढे मांडायची. दिसायला हे किती न्यायाचं दिसतं! सगळ्यांना एकच माप. पण यादी मांडण्याचा हेतू "कुणालाच हात लागू नये" हा असेल, तर ती यादी म्हणजे आपलं शेड लपवायची गर्दी आहे. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते कळेल, कारण हा डाव तुमच्या यजमानांनी शोधलेला नाही. कित्येक नगरपरिषदांच्या इतिवृत्तांत तो सापडतो: "शहरातील सर्व अतिक्रमणांचा सर्व्हे करून अहवाल सादर करावा, तोपर्यंत कारवाई स्थगित ठेवावी. ठराव सर्वानुमते मंजूर." सर्व्हे होत नाही, अहवाल येत नाही, स्थगिती मात्र वर्षानुवर्षं चालते. असा ठराव कायद्याशी विसंगत असला, तर त्याच 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात, आणि विरोधी गट त्यासाठी अर्ज घेऊन तयारच असेल. मग बातमीत शेड राहणार नाही, तुमचं नाव राहील.

यादी चांगलीच आहे. पण ती दिरांचं शेड उतरल्यावर मांडा. तेव्हा तुमच्या तोंडून ती ऐकून घेतली जाईल.

आता चहाच्या गाडीवाल्या बाई. तुमचं सगळं पत्र दिरांच्या शेडबद्दल आहे, बाईंचा उल्लेख फक्त तुमच्या अपराधीपणापुरता येतो. मला वाटतं, इथं तुमचं खरं काम आहे. दिरांना सात दिवस, लेखी नोटीस, सही-शिक्का. बाईंना काय मिळालं? गाडी उचलताना पथकानं जप्त मालाची यादी करून दिली का? स्टोव्ह, किटली, बरण्या, बिस्किटांचे पुडे, ग्लास, गाडी. पथविक्रेता अधिनियम 2014 चा आहे आणि तो तुमच्या गावालाही लागू आहे. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो, ठरलेली फी घेऊन. विक्रेत्याला जागेवरून हटवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. आणि विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत जे आधीपासून विकत आहेत त्यांना हटवता येत नाही.

"पण त्या बाईंकडे कुठला परवाना आहे?" असं कार्यालयात तुम्हाला ऐकवतील. तेव्हा बाईंना त्यांची पिशवी आणायला सांगा. रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायका बाजार वसुलीच्या पावत्या सहसा टाकत नाहीत. ठेकेदाराचा पोरगा रोज सकाळी येतो, पैसे घेतो, एक चिटोरं फाडून देतो. ती चिटोरी रबर लावून गाडीच्या खणात, नाहीतर ब्लाऊजमधल्या पाकिटात असतात. शाई उडालेली, चहाचे डाग पडलेले, काही ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. त्या पावत्यांनी जागेवर मालकी येत नाही, हे बाईंना स्पष्ट सांगा, खोटी आशा लावू नका. पण ही बाई या तारखांना इथं विकत होती आणि नगरपरिषदेनं ठेकेदारामार्फत तिच्याकडून पैसे घेतले, एवढं त्या नक्की सांगतात. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं 2020 पासून मिळणारं कर्ज त्यांनी घेतलं असेल, तर त्यांना विक्रेती म्हणून ओळखणारा नगरपरिषदेचाच कागद त्यांच्याकडे निघेल. हे सगळं जोडून अर्ज बाईंच्या नावानं लिहून द्या आणि आवक विभागात देऊन पोच घ्यायला लावा. स्वतः बरोबर जा. इथं तुम्ही साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलात तर कुणाला अडवत नाही आहात, कायद्यात लिहिलेलं मागताय.

तुमच्या मनात येईल, दिरांसाठी फोन केला तर लुडबूड आणि बाईंसाठी गेले तर लोकसेवा, हे कसं? चांगला प्रश्न आहे. फरक नात्याचा आहेच, पण तेवढाच नाही. दिरांसाठी तुम्हाला नियम बाजूला ठेवायला सांगायचं आहे, बाईंसाठी नियम पाळायला. बाईंची गाडी खरोखर झेब्रा क्रॉसिंगवर किंवा एसटीच्या वळणावर उभी राहत असेल, तर "गाडी तिथंच राहू द्या" असं तुम्हीही म्हणू नका. दुसरी जागा मागा, तीस दिवस मागा, माल परत मागा.

पथविक्रेता समिती तुमच्या नगरपरिषदेत आहे का, हेही विचारून घ्या. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात, किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असायला हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. बऱ्याच छोट्या गावांत ही समिती कागदावरच असते, काही ठिकाणी कागदावरही नसते. शिवणकाम करत निवडून आलेल्या बाईनं सभेत पहिला प्रश्न हा विचारला, तर तो लक्षात राहील.

घरात काय बोलायचं, हे खरं अवघड. सासूबाईंचा अबोला मोडायला माझ्याकडे कलम नाही. पण दिरांनी प्रचारात केलेले कष्ट खोटे नाहीत, आणि त्यांची परतफेड करावीशी वाटणं हेही चुकीचं नाही. परतफेड कशातून करायची, एवढंच ठरवायचं आहे. नगरपरिषदेच्या अधिकारातून करायची नाही, घरातून करायची. दिरांना सांगा: "भाऊजी, शेड आपण उतरवू. पथक येऊन तोडेल तर पत्रा वाकेल, अँगल जाईल, व्हिडिओ गावभर फिरेल. आपण उतरवलं तर सामान आपलं राहील. मजुरीचे पैसे आम्ही देतो. परवान्याच्या अर्जासाठी मी कागद गोळा करते, तुम्ही जाऊन भरा." आतली मांडणी बदलली तर चार बाकड्यांतली दोन आत बसतील का, हे त्यांच्याबरोबर उभं राहून बघा. शेड गेल्यानं धंदा बसेल ही त्यांची भीती खरी असेल. पावसाळ्यात शेडशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही, हेही खरं. तुम्ही ती भीती आधी बोलून दाखवलीत, तर पुढचं ते ऐकतील. "मी नगरसेविका आहे, माझी अडचण होईल" यापासून मात्र सुरुवात करू नका. ते त्यांना तुमचा स्वार्थ वाटेल, आणि थोडा आहेही.

ते नाहीच म्हणाले तर? तर त्यांचं उत्तर, त्यांचा वकील, त्यांचं शेड. तुम्ही मध्ये पडत नाही, हे त्यांना घरात सांगा आणि त्या विषयावर कार्यालयात कुणाशी बोलू नका. ज्या दिवशी पथक येईल त्या दिवशी स्टँड रोडला फिरकू नका, यजमानांनाही जाऊ देऊ नका. तिथं नुसतं उभं राहणंही फोटोत वेगळं दिसतं.

यजमानांबद्दल दोन शब्द. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कागदावर निम्म्या आणि कारभारात किती, हे तुमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. ते तुम्हाला मदत करत असतील, चांगलंच आहे. अजेंडा समजावून सांगणारा नवरा कुणाला नको आहे? पण सही, फोन आणि सभागृहातलं बोलणं या तीन गोष्टी उसन्या देऊ नका.

आता पुढची सर्वसाधारण सभा. अजेंडा आला की बहुतेक सदस्य त्यातला आपल्या प्रभागातला रस्ता शोधतात आणि कागद घडी करून ठेवतात. तुम्ही सगळा वाचा. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, पाणीपुरवठ्याच्या मोटार दुरुस्तीचं बिल, दैनंदिन बाजार वसुलीचा ठेका, गाळ्यांच्या भाड्याची फेरआकारणी, आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. तुमच्या गावातल्या परवान्यांचं खरं राजकारण या रटाळ विषयांत आहे. परवाना देणं, नोटीस काढणं, गाडी उचलणं ही मुख्याधिकारी आणि त्यांच्या यंत्रणेची कामं. पण परवान्याची फी किती, विलंब शुल्क किती, बाजाराचा ठेका कुठल्या अटींवर, विक्रेत्यांची जागा कुठली, त्यासाठी बजेटमध्ये तरतूद काय, हे सभेचं काम. ठेक्याच्या अटी वाचा: ठेकेदारानं पावतीवर तारीख आणि रक्कम छापायची आहे का? दर कुठं लावायचे आहेत? बाईंच्या त्या चिटोऱ्यांचा दर्जा तिथं ठरतो.

आयत्या वेळच्या विषयांवर खास नजर ठेवा. सभा लांबलेली असते, अर्धे लोक उठलेले असतात, आणि नगराध्यक्षांच्या परवानगीनं दोन ओळींचा ठराव येतो. दिरांच्या शेडसारखं प्रकरण "सहानुभूतीपूर्वक विचार करण्यासाठी" तिथं कुणी आणलं, तुमच्यावर उपकार म्हणून आणलं तरी, उठून सांगा की हा माझ्या कुटुंबाचा विषय आहे, मी चर्चेत भाग घेत नाही आणि मत देत नाही. आणि हे वाक्य इतिवृत्तात घ्यायला लावा. उपकार करणारे तुमच्या गटातले असतील, तर सभेआधीच त्यांना सांगून ठेवा.

तुमच्याकडून काय मांडायचं, तर असा एखादा ठराव. भाषा कार्यालयाकडून नीट करून घ्या, आशय असा ठेवा: मुदत संपलेल्या व्यवसाय परवान्यांची प्रभागनिहाय संख्या दर सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. नूतनीकरणाची फी, विलंब शुल्क, लागणारे कागद आणि किती दिवसांत परवाना मिळेल हे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावं. रस्त्यावरच्या अतिक्रमणावर कारवाई करताना पक्कं बांधकाम असो वा हातगाडी, लेखी नोटीस आणि जप्तीची यादी याशिवाय काही उचलू नये. पथविक्रेता समितीची बैठक घेऊन तिचा वृत्तांत सभेला सादर करावा. यात "तोपर्यंत कारवाई थांबवावी" हे शब्द कुठंही येऊ देऊ नका. कुणी दुरुस्ती म्हणून घुसवायला बघेल, तेव्हा विरोध करा.

फलकाचा आग्रह का, तर दर लेखी असला की घासाघीस कमी होते. 2018 पासूनच्या प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, हे सगळ्या दुकानदारांना पाठ आहे. अंमलबजावणी कशी होते ते सोडा, पण "किती होतील साहेब?" असं तरी कुणी विचारत नाही. व्यवसाय परवान्याच्या विलंब शुल्काचा आकडा तुमच्या गावात किती जणांना सांगता येईल? जे माहीत नाही त्यासाठी लोक नगरसेवकाचा फोन शोधतात. शिवाय 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्यांची मुदत आणि अपील कुणाकडे करायचं हे कार्यालयात लावणं बंधनकारकच आहे. लावलंय का, जाता-येता बघा.

हे पत्र वाचणाऱ्या दुकानदारांनाही एक सांगणं आहे. नोटीस आली की ती घेऊन नगरसेवकाच्या घरी जाण्याआधी तिच्यावरची तारीख बघा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. परवान्याची मुदत संपली असेल तर नोटीस यायच्या आधीच अर्ज आणि फी भरून टाका. स्वतःहून भरलेल्या अर्जाकडे कार्यालय वेगळ्या नजरेनं बघतं. आणि गटारावर काही बांधायचं मनात असेल, तर नका बांधू. शेजाऱ्यानं बांधलंय हे उत्तर आजवर कुठल्या पंचनाम्यात चाललेलं मी वाचलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या ओळीओळीत आहे ते: यानं पुढच्या वेळी मतं जातील का? काही जातील. दिरांच्या मित्रमंडळातली, स्टँड रोडच्या ज्या दुकानदारांची शेडं पुढं निघणार आहेत त्यांची. मागच्या गल्लीतली काही येतील, पण तिथली माणसं कमी आणि त्यांची आठवण एका पावसाळ्यापुरती. हिशोब तुमच्या बाजूनं लागेलच, असं मी सांगू शकत नाही.

ठराव मांडताना सूचक तुम्ही झालात तरी अनुमोदक लागेल. तो सभेआधी शोधा, शक्यतो दुसऱ्या गटातली एखादी नगरसेविका. तिच्याही घरी कुणाचं तरी शेड असेलच, तिला हे लवकर कळेल. अनुमोदक नाही मिळाला, तरी मांडा आणि नोंद घ्यायला सांगा. त्याच्या पुढच्या सभेत पहिला विषय इतिवृत्त कायम करण्याचा असेल. तो "वाचला असे समजून कायम" होऊ देऊ नका; आपण बोललेलं त्यात आलंय का ते तिथंच बघा, आणि आलं नसेल तर हात वर करून तेवढी दुरुस्ती घालून घ्या.